भांगाची रेघ

पाणखारच्या दक्षिणेला, गाव संपून खाडी सुरू होते तिथे, एक सपाट पांढुरका पट्टा आहे. ओहोटीला त्याच्यावर उभं राहिलं की चिखलात बावीस खड्डे दिसतात. अकरा-अकराच्या दोन सरळ ओळी, दोरी लावून खणलेल्या. एकेक खड्डा अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि मांडीइतका खोल. महिन्यातून दोनदा मोठ्या भरतीचं पाणी त्यांच्यावरून जातं आणि परतताना सगळीकडे बोटभर गाळ पसरून ठेवतं. शेजारच्या मिठागराची जुनी चर त्या गाळाने दहा वर्षांत बुजली. हे खड्डे इतक्या पिढ्या झाल्या तरी बुजलेले नाहीत. आसपास तिवरांचं रान माजलं आहे, पण या दोन ओळींच्या मधे तिवराचं एक रोपही धरत नाही.

खड्ड्यांच्या खाली, खाडीच्या अंगाला, काळ्या दगडांची एक रांग आहे. तिला गावात भांगाची रेघ म्हणतात.

हिवाळ्यात शहरातून माणसं इथे पाखरं बघायला येतात. त्यांना वाट दाखवायला बारकीबाई भोईर जातात. सत्तरी उलटलेली बाई. उभा जन्म मिठागरात गेलेला. पाखरांबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. पाखरांची नावं पाहुण्यांच्या पुस्तकात असतातच, असं त्यांचं म्हणणं. पण खड्ड्यांपाशी पोचलं की त्या पाहुण्यांना चपला काढायला लावतात आणि सगळे गप्प होईपर्यंत स्वतःही गप्प राहतात.

"हे मागाचे खड्डे हायेत," त्या सांगतात. "ह्यांत पाय सोडून कोष्टी इनायला बसायचे. चिखलात बसून कापड कोन इनतो, असं इचारू नका. हा चिखल हाय, हे त्यांना म्हाईतच नव्हतं."

मग त्या जी गोष्ट सांगतात ती अशी.

टोपीकर या किनाऱ्यावर नुकते उतरू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे, असे सांगतात. सात समुद्रांपलीकडच्या या गोऱ्या माणसांना किनारा म्हणजे एकच एक पट्टी वाटे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराल तर कोसाकोसावर जगण्याची रीत वेगळी. रेतीच्या पुळणीवर माड, म्हणून तिथे भंडारी. खाजणात खारं पाणी, म्हणून तिथे मीठ आणि खारा भात पिकवणारे आगरी. त्यामागे डोंगर, डोंगरामागे घाट, आणि घाटावर कापूस, म्हणून कोष्टी सगळे वर. कोणी कुठे राहायचं आणि काय खायचं, हे जमिनीने आधीच वाटून दिलेलं होतं.

टोपीकरांनाही तिने असंच बसवलं. खाडीच्या तोंडाशी कातळाचं नाक आहे, तिथे पाणी खोल, जहाज काठाला लागे, म्हणून त्यांनी तिथे वखार बांधली. पण कातळावर खणलेल्या विहिरीला मचूळ पाणी लागलं. पहिल्या पावसाळ्यात निम्मे गोरे हिवतापाने गेले. त्यात त्यांना हवं होतं कापड, आणि कापड घाटावरून बैलांच्या पाठीवर येई. पावसाचे चार महिने घाट बंद, म्हणजे कापडही बंद. तेव्हा वखारीच्या मोठ्या साहेबाने ठरवलं की कापड खाली आणण्यापेक्षा कोष्टीच खाली आणावेत. खाडीकाठी त्यांची वसाहत करावी. पाणखारच्या सपाटीमागे टेकडीच्या पायथ्याला गोड्या पाण्याचा झरा होता, म्हणून जागा ती ठरली.

या साहेबाचं खरं नाव काही वेगळं असणार. पाणखारच्या तोंडात ते बरतनसाहेब असं बसलं. माणूस वाईट नव्हता म्हणे. पण तो खलाशी नव्हता, आणि वखारीच्या उभ्या कातळाला पाणी किती चढतं-उतरतं तिकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. त्याच्या देशातही तो समुद्रापासून लांब, मेंढरं पाळणाऱ्या मुलखात वाढलेला. समुद्र जाणणारे त्याचे लोक जहाज घेऊन वारा असताना निघून गेले होते आणि आता पावसाळ्यानंतरच परतणार होते.

साहेबाचा दुभाषी होता सटवाजी कोष्टी. गोदेकाठच्या एका गावचा, तिशीतला, तरतरीत गडी. बापाचं कापड घेऊन सुरतेपर्यंत जाता जाता तो टोपीकरांची भाषा शिकला. घाटाखाली उतरलेला त्याच्या घरातला तो पहिलाच. जिभेवर दोन मुलूख तोलतो म्हणून साहेबाचा त्याच्यावर फार जीव, आणि खरं सांगायचं तर सटवाजीचाही स्वतःवर थोडा जास्तच. त्याच्याच शब्दावर बावीस घरचे कोष्टी बायकापोरांसह घाट उतरून आले. त्यांत त्याची धाकटी बहीण राही होती, तिचा नवरा होता आणि त्यांची चार वर्षांची ठकी होती. आईबाप गेल्यावर राहीला सटवाजीनेच वाढवलेलं. दादा म्हणाला की झालं, एवढीच तिची अक्कल, असं तिचा नवरा कौतुकाने म्हणे.

कोष्टी पोचले तो दिवस फाल्गुन वद्य अष्टमीचा होता. सांज होत आली होती. सपाटीवरची जमीन उन्हाने तडकली होती आणि तिच्यावर पांढरा पापुद्रा आला होता. घाटावर अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि तिथे कोणी पेरत नाही, पण घर बांधायला काही हरकत नसते. खाली खाडीचं पाणी भरून थांबलं होतं, अगदी शांत.

साहेबाने गावातल्या जाणत्या माणसाला बोलावून घेतलं. आला जोमा आगरी. साठीचा, मिठाने पाय चिरलेला. साहेब म्हणाला, पाणी कुठवर येतं ते याला विचार. सटवाजीने विचारलं.

आता घाटावरच्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटतो. तिथलं पाणी वरून येतं, खाली जातं, आणि पूर आला तर त्याची खूण झाडाला राहते. खाडीकाठच्या माणसाला मात्र हा अर्धाच प्रश्न वाटतो, कारण त्यात तिथी सांगितलेली नसते. जोमाने उरलेला अर्धा आपणच पुरा केला.

"आज हितवरच," पाण्याच्या कडेला बोट करून तो म्हणाला. "पन आज भांग हाय. भांगाचा भरवसा धरू नको. भांग उतरला का चढंल. अवसेला बघ."

खाडीवर भांग म्हणजे अष्टमीच्या आगेमागेचं अर्धवट भरणारं, मलूल पाणी. हा शब्द पाणखारच्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पण घाटावर, केसातला भांग सोडला तर, भांग एकच, ती घोटून पितात ती. ती चढते आणि उतरते. जोमा 'भांग उतरला' म्हणाला हे सटवाजीच्या कानाला खटकलं, पण त्याने धरून चाललं की आगऱ्यांना बोलायचं वळणच नाही. तो मोठ्याने हसला.

"साहेब," तो टोपीकरांच्या भाषेत म्हणाला, "म्हातारा म्हणतो, पाणी इथवरच येतं. बाकी सगळी बडबड आहे, तो भांग पिऊन आलाय."

साहेब हसला. हीच गोष्ट सटवाजीने आपल्या बोलीत कोष्ट्यांना सांगितली, तेव्हा तेही हसले. दिवसभर चाललेली, दमलेली माणसं होती, त्यांना हसायला बरं वाटलं. ती बोली मात्र जोमाला कळत होती. त्याने पुन्हा एकदा, आवाज चढवून, तेच सांगितलं. तेव्हा शिपायांनी त्याला दंडाला धरून वाटेला लावलं. मागून कोणीतरी 'ए भंगड' अशी हाक मारली.

पाणी होतं तिथे काळे दगड मांडले गेले. साहेब सावध माणूस. त्या रेघेपासून चाळीस पावलं वर मोजून त्याने खुंट्या ठोकल्या आणि त्यावर घरं घालायला सांगितली. चार दिवसांत कारवीच्या कुडाची, झावळ्यांनी शाकारलेली बावीस घरं उभी राहिली. घराघरात माग बसला आणि मागापुढे पाय सोडायचा खड्डा खणला गेला. पाणखारचे लोक पलीकडे मिठागरात होते. फाल्गुन म्हणजे मिठाचे दिवस. त्यांना सगळं दिसत होतं. आपल्याला कोण विचारतं, असं जोमा घरी म्हणाला, आणि गावानेही तेच धरलं.

त्रयोदशीला सटवाजी वखारीच्या स्वयंपाकासाठी मासळी घ्यायला गेला. टोपली घेऊन बसली होती जोमाची सून.

"घ्या आता पायजे तेवढा म्हावरा," ती म्हणाली. "गेले आठ दिस भांग व्हता, जाल्यात काय गावतंय? आता उतरला."

"आठ दिवस सगळ्या गावानेच भांग घेतली होती की काय?" सटवाजी थट्टेने म्हणाला.

ती हसली ती टोपलीला हात टेकून हसली. "घ्यायची भांग नाय वो. पान्याचा भांग. अष्टमीला पानी अर्ध्यावर येतं नि थिजतं, तो भांग. अवसे-पुनवेला वर चढतं, तो उधान. तुमच्याकडं पानी येत-जात नाय?"

"आमच्याकडे फक्त जातं," सटवाजी म्हणाला. त्याच्या हातातली मासळी टोपलीत परत पडली असे सांगतात.

तो तसाच मिठागरात जोमाकडे गेला. जोमा फळीने मीठ ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

"बाबा, अवसेला पाणी कुठवर येईल?"

"मी भंगड मानूस. मला कशाला इचारतोस?"

सटवाजी बांधावर खाली बसला. समोरचा मिठाचा ढीग पुरा करून जोमा म्हणाला, "फाल्गुनाची अवस म्हंजे वरसातलं मोठं उधान. सूर्व्या माथ्यावर आला का वस्तीच्या मागची पागार आदी भरंल. वाट तुटंल. मंग पुढनं पानी येईल. कमरेएवढं."

पागार म्हणजे खाडीची आत शिरलेली चिंचोळी शाखा. वस्ती आणि टेकडी यांच्यामधून ती जाई आणि एरवी कोरडी असे. कोष्टी झऱ्याचं पाणी आणायला रोज तीच ओलांडत.

"चला, बाबा. साहेबाला सांगू."

"मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हसू करून घ्यायला येत नाय. तोंड तुजं हाय, तू सांग."

एवढं ठाऊक असून जोमा उठला नाही, हे पाणखारचे लोक लपवत नाहीत.

सटवाजीने त्या रात्रीच सांगायचं ठरवलं होतं. मग सकाळी सांगायचं ठरवलं. चतुर्दशीच्या सकाळी बरतनसाहेब वस्ती बघायला आला. बरोबर त्याने एक जरीकाठी शेला आणला होता. सगळ्या कोष्ट्यांना गोळा करून, दुभाष्यामुळे ही वसाहत झाली असं सांगून, त्याने तो शेला सटवाजीच्या खांद्यावर घातला. आणि साहेबाचं हे बोलणं आपल्या लोकांना समजावून सांगायला सटवाजीच उभा होता. त्याने आपली स्तुती आपल्याच तोंडाने भाषांतर करून सांगितली.

तोवर भरती पुरी होत आली होती. काळी रेघ पाण्याखाली गेल्याला तीन दिवस झाले होते. रोज पाणी थोडं थोडं वर येत होतं. आज ते पहिल्या ओळीपासून दहा पावलांवर येऊन ठेपलं होतं. लाट नाही, आवाज नाही. सगळे तिकडे बघत राहिले.

राही पुढे आली. ठकी तिच्या कडेवर होती.

"दादा, खड्ड्याच्या तळाला ओल सुटलीया. म्या चाखून बघितली, खारट हाय," ती म्हणाली. "पानी इथवरच ना?"

सगळी माणसं सटवाजीकडे बघत होती. साहेबही बघत होता, काय म्हणते ही, असं विचारत होता. 'माझं चुकलं, मला शब्द कळला नाही,' एवढंच बोलायचं होतं. त्या एका वाक्यावर बावीस घरं दुपारपर्यंत टेकडीवर चढली असती. पण दुभाष्याला शब्द कळला नाही म्हटल्यावर त्याच्याकडे उरतं काय? अंगावरचा शेला त्याला जड वाटत होता, आणि काढवतही नव्हता. संध्याकाळी साहेबाला एकट्याला गाठून सांगू, असं त्याने मनात म्हटलं.

"इथवरच," तो बहिणीला म्हणाला.

आणि त्याच क्षणी पाणी वळलं. कडेचा फेस मागे सरकला, ओली जमीन दिसू लागली. कोष्टी हसले. राही ठकीला ते दाखवून म्हणाली, "बघ, मामानं सांगितलं आन् गेलं."

संध्याकाळी साहेबाला थंडी वाजून ताप भरला. सटवाजी त्याच्या दारात बसून राहिला. अमावास्येचा दिवस उजाडला तरी साहेब शुद्धीवर नव्हता. पण साहेबाची परवानगी हवीच कोणाला होती? पहाटे वस्तीत जाऊन 'उठा, चला' म्हटलं असतं तर पुरे होतं. सटवाजीला ते कळत होतं. पण साहेबाने सांगितलं तर ती आज्ञा ठरेल, आणि आपण सांगितलं तर ती आपली चूक ठरेल, या हिशेबाने तो दारात बसून राहिला. ऊन चढत गेलं. शेवटी सावली पायाखाली यायला लागली तेव्हा तो उठला आणि काठाकाठाने दोन कोस पळत सुटला.

टेकडीच्या पायथ्याशी पोचला तेव्हा पागार भरली होती. सकाळी बायका घडे घेऊन जिथून चालत गेल्या होत्या तिथे चाळीस हात रुंद, गढूळ पाणी होतं. पलीकडे वस्ती दिसत होती. अमावास्येला कोष्टी माग चालवत नाहीत की कामासाठी बाहेर पडत नाहीत, म्हणून सगळे घरीच होते. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. एक पाखरू बोलत नव्हतं. पुढच्या अंगाने पाणी दोन्ही ओळींच्या मधे शिरत होतं आणि त्याला काहीच आवाज नव्हता. कुडाच्या तळाशी ते गोळा होई आणि मग कूड ओलांडून आत जाई, आपल्याच घरी आल्यासारखं.

"वर चला," सटवाजी ओरडला. "वर चला."

पण चढून जायला वर जागाच नव्हती. त्याचा आवाज ओळखून राही वस्तीच्या मागल्या कडेला आली. पाणी तिच्या पोटरीला होतं. ठकी कडेवर होती. तिने कपाळावर हात धरून पलीकडे पाहिलं, आणि थांबलेल्या पाण्यावरून तिचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा त्याला ऐकू आला.

"दादा, इथवरच ना?"

तिच्या आवाजात भीती नव्हती, असे सांगतात. विचारायचं म्हणून तिने विचारलं होतं.

उत्तर नाही म्हणून ती थोडी थांबली. मग घरातलं काही उचलायला मागे वळली. आता सगळी जमीन एकाच रंगाच्या पाण्याखाली होती आणि कुठे भुई, कुठे खड्डा, ते दिसत नव्हतं. ती दोन पावलं चालली, आणि मग नव्हती. पाण्यावर एक बुडबुडा आला. तिच्या मागून तिचा नवरा धावला, तोही तसाच गेला. गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालणारी माणसं आपणच खणलेल्या खड्ड्यांत एकामागून एक उतरत होती, आणि आत मागाच्या ताण्याचे दोर हातापायांना धरून ठेवत होते.

आरडाओरडा ऐकून जोमाच्या माणसांनी होड्या काढल्या. साठ-सत्तर माणसं त्यांनी वाचवली. पण होड्या मिठागराच्या काठाला उलट्या घातलेल्या होत्या. त्या सुलट्या करून पाण्यात ढकलण्यात वेळ गेला. एकोणीस माणसं राहिली. दुपार कलली, पाणी उतरलं, तेव्हा ती सगळी सापडली. वाहून कोणीच गेलं नव्हतं. खड्ड्यात पाय सोडून, मागावर बसावं तशी ती बसलेली होती. राहीच्या मांडीवर ठकी होती.

बरतनसाहेब तापातून उठला. वाचलेल्या कोष्ट्यांना त्याने घाटावर परत पाठवलं. पुढे दोन पावसाळ्यांत वखारही उठली. जिथे खोल पाण्याशेजारी गोडी विहीर होती तिकडे टोपीकर निघून गेले. सटवाजी मात्र गेला नाही. शेला त्याने पागारीत टाकला आणि तो मिठागराच्या बांधावर झोपडी घालून राहिला. त्याच्याशी कोणी भांडलं नाही, कोणी बोललंही नाही.

चैत्र शुद्ध अष्टमी आली. सांजेला सटवाजी काळ्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला. भांगाचं पाणी आलं, दगडांना टेकलं आणि थांबलं. आणि त्या थांबलेल्या पाण्यातून, अगदी पायाशी, आवाज आला.

"इथवरच ना?"

सटवाजी धूम पळत सुटला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या पुनवेला, भर दुपारी, उधाण गावाच्या बांधावरून आत आलं. इतकं वर पाणी पाणखारात कधी कोणी पाहिलं नव्हतं. ते कोणाचं काही न मोडता जोमाच्या घरात गेलं आणि परतलं. जोमाच्या सुनेने घर झाडायला घेतलं तेव्हा चुलीसमोरच्या शेणाने सारवलेल्या भुईत तिला एक खड्डा दिसला. अडीच हात लांब, दीड हात रुंद. कडा ताज्या आणि सरळ होत्या. तिने दगडमाती टाकून तो भरला. सकाळी तो पुन्हा रिकामा होता.

तेव्हा जोमा आपण होऊन सटवाजीच्या झोपडीत गेला. सटवाजीने त्याला सगळं सांगितलं, शेल्यापासून आवाजापर्यंत. जोमा ऐकत राहिला आणि म्हणाला, "ती इचारते तर जबाब दिला पायजे."

वद्य अष्टमीला दोघं मिळून रेघेवर उभे राहिले. पाणी आलं, थांबलं. आवाज आला. जोमाला तो ऐकू आला की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

"नाही," सटवाजी म्हणाला. "इथवर नाही. अजून वर."

पाणी हललं नाही. भरती संपून ओहोटी लागायची वेळ झाली, टळून गेली, सूर्य बुडाला, तरी पाणी दगडांना टेकून तसंच उभं होतं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. पाणी वाट बघत असल्यासारखं थांबून होतं. मग सटवाजी पाण्यापाशी खाली बसला. लहानपणी ती पडली-झडली की ज्या आवाजात तो तिच्याशी बोलत असेल, त्या आवाजात तो बोलला.

"नाही गं राही. माझं चुकलं. तू वर चल."

तेव्हा पाणी वळलं. जोमाच्या घरातला खड्डा त्यानंतर भरला तो भरलाच राहिला.

पुढे एकतीस वर्षं, महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांना, सटवाजी रेघेवर जाऊन हे वाक्य बोलला. अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न आला. जोमा तेव्हा हयात नव्हता. त्याची सून, आता म्हातारी झालेली, उठली आणि रेघेकडे चालू लागली. तिच्यानंतर गावाने घराघराला पाळी लावून घेतली.

आजही पाणखारात अष्टमीच्या सांजेला ज्या घराची पाळी असेल त्यातलं एक माणूस काळ्या दगडांपाशी जाऊन उभं राहतं. लग्न असो, सुतक असो, मुंबईची नोकरी असो. पाळी चुकवत नाहीत. पाणी येतं, दगडांना टेकतं, थांबतं. मग ते माणूस, पुरुष असो वा बाई, आवाज न चढवता म्हणतं, "नाही गं राही. माझं चुकलं. तू वर चल." थोड्या वेळाने पाणी वळतं. प्रश्न ऐकू येतो का, असं विचारलं तर गावचे लोक विषय बदलतात.

गेल्या हिवाळ्यात पाखरं बघायला आलेल्या एका मुलीने बारकीबाईंना निराळंच विचारलं. चूक त्या दुभाष्याची होती, शब्द त्याला कळला नाही आणि खोटंही तोच बोलला; मग पाणखारच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या 'माझं चुकलं' का म्हणायचं?

बारकीबाई खड्ड्यांकडे बघत होत्या. त्या दिवशी अष्टमी होती आणि पाळी त्यांच्याच घराची होती.

"त्याला पाच दिसांनी कळलं, बाय," त्या म्हणाल्या. "आमाला पयल्या दिसापासून म्हाईत व्हतं."